वेव्ही केसांवर साइड बँग्स: कुठल्या बाजूला, किती लांब आणि रोज बसवायच्या कशा?

अबोली

नमस्कार. प्रश्न लांबलचक होणार आहे. तीन वर्षांपूर्वी काहीच न सांगता खुर्चीत जाऊन बसले आणि पस्तावले, म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहिते.

माझे केस खांद्याच्या खाली चार बोटं. कानापर्यंत जवळजवळ सरळ, तिथून पुढे नागमोडी. एकेक केस बारीक आहे, पण मुठीत धरले तर भरपूर. भांग लहानपणापासून डावीकडे. उजव्या भुवईच्या वर, कपाळ संपून केस सुरू होतात अगदी तिथे, एक छोटा भोवरा आहे. कपाळ मोठं. चष्मा जाड फ्रेमचा. रोज दुचाकी चालवते, म्हणजे रोज हेल्मेट.

तेव्हा साइड बँग्स, म्हणजे कपाळावरून एका बाजूला तिरक्या सोडलेल्या आखूड बटा (फ्लिक्सही म्हणतात), कापल्या होत्या त्या अशा: केस धुतले, ओले असतानाच कंगव्याने खाली ताणून धरले आणि भुवईच्या रेषेत तिरके कापले. वर विरळ करायची दातेरी कात्री दोन-तीनदा चालवली. ओल्या असताना मला त्या फार आवडल्या. ड्रायर सुरू झाला आणि त्या वर चढत गेल्या. सुकल्यावर निम्मं कपाळ उघडं, भोवऱ्यापाशी मधोमध फट आणि एक बट सरळ उभी. पुढचे सहा महिने रोज सकाळी दोन पिना लावून बाहेर पडायचे. ऑफिसात पिना कुणाला दिसतही नसतील, पण मला दिवसभर त्यांचीच जाणीव असायची.

तरी पुन्हा हव्याशा का वाटताहेत? आजीचा पंचविशीतला एक फोटो सापडला. तिच्या कपाळावरून एक जाड बट तिरकी निघून गालाच्या हाडापाशी बाहेर वळली आहे. माझ्या केसांचं वळण हुबेहूब तेच आहे हे फोटो आरशाशेजारी धरल्यावर कळलं. मला ती बट हवी आहे. सरळ, इस्त्री केल्यासारखी नको, तिच्यासारखी वळलेली हवी.

तर सांगा, भांग डावीकडे ठेवून बँग्स उजवीकडे न्याव्यात का? लांबी किती ठेवायची? रोज स्ट्रेटनर लावायची माझी तयारी नाही, त्याशिवाय जमतं का? आणि हेल्मेटखाली त्यांचं काय करायचं?


नीलमोहर

अगं, मी घरीच कापल्या. पुढची बट घेऊन दोन-तीन पीळ द्यायचे आणि मध्ये कातरी लावायची, आपोआप तिरक्या होतात. पाच मिनिटांचं काम. माझे केस सरळ आहेत, पण वेव्हीला पण जमेल असं वाटतं. बिनधास्त कर!


कातरवेळ

अबोली, जरा थांब. नीलमोहरचा सल्ला मनापासूनचा आहे, पण तुझ्या केसांना तो चालणार नाही. सरळ केसांना पीळ दिला की पीळ एकटाच असतो. तुझ्या केसांत आधीचं वळण आहे. त्यावर पीळ बसला की काही केस पिळाच्या आत जातात, काही बाहेर राहतात, आणि सोडल्यावर पायऱ्या दिसतात.

मी एकोणीस वर्षं केस कापतेय आणि माझे स्वतःचेही वेव्हीच आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

कपाळ केवढं, चेहरा गोल की लांब, हे सगळं नंतर बघू. आधी मुळं बघू. पुढच्या केसांची मुळं कुठे तोंड करून उगवली आहेत त्यावर बँग्सचं सगळं ठरतं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. घरी करून बघ: केस पूर्ण ओले कर, कपाळापासून सरळ मागे विंचर, मग टाळूवर तळहात ठेवून केस हलकेच पुढे ढकल. जिथे आपोआप फट पडेल तो तुझा खरा भांग. लहानपणापासून पाडलेला भांग म्हणजे कुणीतरी लावलेली सवय असू शकते. मग भोवऱ्यावर बोट ठेवून बघ, ते केस कुठे झुकतात? डावीकडे झुकत असतील तर मागच्या वेळचं कोडं तिथेच सुटतं. डाव्या भांगातून निघालेल्या फ्लिक्स उजवीकडे जाताना थेट भोवऱ्याच्या तोंडावर येत होत्या. भोवरा त्यांना उलट ढकलणार, मग फट पडणार आणि बट उभी राहणार. अशा वेळी भांग उजवीकडे, भोवऱ्याच्या जवळ आणायचा आणि बँग्स डावीकडे न्यायच्या. मग ज्या केसांनी तुला छळलं तेच मुळाशी उठाव देतात, आणि तो उठाव बारीक केसांना हवाच असतो.

आता लांबी. तू लिहिलंस की कानापर्यंत केस जवळजवळ सरळ आहेत. ते तसे उगवत नाहीत. खालच्या केसांचं वजन वळणाला ओढून धरतं. बँग्स कापल्या की ते वजन जातं आणि वळण वर, पार मुळाकडे सरकतं. म्हणून लांब केसांवरून अंदाज बांधलास तर फसशील. त्यापेक्षा कानाच्या पुढे, कानशिलाजवळ जे आखूड केस सुटलेले असतात ते आरशात बघ. आखूड असताना तुझा केस किती वळतो ते तेच खरं सांगतात.

ओला केस ताणला जातो आणि सुकताना आखडतो. ओला असताना भुवईवर टेकणारा वेव्ही केस सुकल्यावर एक सेंटीमीटर वर जाईल की तीन, हे कापणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. त्यामुळे बँग्स कोरड्या केसांवरच कापून घ्यायच्या. केस आदल्या दिवशी धुतलेले, नेहमीसारखे सुकू दिलेले, स्ट्रेटनर न लावलेले हवेत. कापताना कंगव्याचा ताण नको, केस बोटांत नुसता धरायचा.

पहिली कात्री नाकाच्या शेंड्याच्या खाली. हो, इतकी खाली! हसू देत बघणाऱ्यांना. सोडून बघायचं, डोकं हलवायचं, पुन्हा थोडं कापायचं. सर्वांत आखूड केस भांगाजवळचे, तेही भुवईच्या खाली राहतील असे. तिथून लांबी वाढत वाढत गालाच्या हाडापर्यंत. ती उतरण आणायची युक्ती साधी आहे. बँग्स डावीकडे जाणार असतील तर सगळी बट उजवीकडे, भांगाच्या दिशेला ओढून तिथे कापायची. लांबून आलेले केस आपोआप लांब राहतात.

बट किती जाड घ्यायची? भांगावर, कपाळाच्या कडेपासून तीन-चार सेंटीमीटर मागे एक टोक धर, आणि तिथून भुवईचा बाहेरचा कोपरा जिथे संपतो तिथवर एक त्रिकोण. याहून रुंद नको. कानशिलाचे केस बँग्समध्ये ओढले की चेहऱ्याच्या कडेला भोकं पडल्यासारखं दिसतं आणि ते वाढायला फार वेळ लागतो.

आणि दातेरी कात्रीला ठाम नाही म्हण, वस्तऱ्यालाही. दातेरी कात्रीने आत आखूड केस तयार होतात. सरळ केसांत ते झाकून राहतात, वेव्ही केसांत ते वळतात आणि वरच्या केसांना खालून ढकलतात. तुझ्या त्या फ्लिक्स पिंजारल्यासारख्या दिसत असतील तर यानेच. वस्तऱ्याने टोकं झिजल्यासारखी होतात आणि दमट हवेत भुरभुरतात. कात्री उभी धरून टोकं थोडी थोडी टिपली की पुरतं.

बसवायचं कसं ते उद्या लिहिते. हात दुखायला लागले.


मधुमालती

कातरवेळ, प्रत्येक शब्दाला अनुमोदन. माझे केस २ सी, म्हणजे वेव्हीतले सर्वांत दाट वळणाचे. (आंद्रे वॉकर या अमेरिकी केशरचनाकाराची वर्गवारी: १ सरळ, २ वेव्ही, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट कुरळे. २ मध्ये ए, बी, सी अशा पायऱ्या. अबोली, वर्णनावरून तू २ ए किंवा २ बी वाटतेस.)

मी दोन वर्षं रोज बँग्स सरळ केल्या. मागे सगळे केस वळणाचे आणि पुढे तेवढी एक सपाट पट्टी, ती पट्टी मला कधीच माझी वाटली नाही. शिवाय टोकं इतकी कोरडी झाली की शेवटी कापावीच लागली. आता बोटाच्या पेराएवढं जेल ओल्या बँग्सवर लावते, तीन बटा करून प्रत्येक बट बोटाभोवती चेहऱ्यापासून दूर गुंडाळते आणि सोडून देते. सुकेपर्यंत हात लावत नाही. तो मोह आवरणंच सर्वांत अवघड आहे. जेलने कडक झालेले केस पूर्ण सुकल्यावर मुठीत हलके दाबले की मऊ होतात.


अबोली

कातरवेळ ताई, मी तळहाताचा प्रयोग केला. तीनदा केला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. फट उजवीकडे पडते, उजव्या भुवईच्या मध्याच्या थोडी आत. आणि भोवऱ्याचे केस डावीकडेच झुकतात. म्हणजे एवढी वर्षं मी केसांना त्यांच्या मनाविरुद्ध विंचरत होते!

कानशिलाजवळचे आखूड केसही पाहिले. ते नुसते वळलेले नाहीत, जवळजवळ अर्धं वर्तुळ करून कानाकडे फिरतात. पाणी लावून एक केस ताणला तर कानाच्या पाळीपर्यंत आला, सुकल्यावर कानाच्या मध्यापर्यंतच.

बसवण्याबद्दल वाट बघतेय.


कातरवेळ

बघ, केसांनी स्वतःच सांगितलं. आता मागच्या वेळी भुवईच्या रेषेत कापलेल्या फ्लिक्स कपाळावर का चढल्या ते तुला कुणी समजावायला नको.

बसवणं. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो त्याच्या साखळ्यांमध्ये हायड्रोजन बंध असतात. पाणी लागलं की ते सुटतात आणि सुकताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. यातून सगळं निघतं. न्हाऊन आल्यावर टॉवेल गुंडाळून चहा प्यायला बसलीस तर बँग्स टॉवेलच्या आकारात सुकतात. आधी बँग्स, मग बाकी सगळं. पहिली पाच मिनिटं त्यांची.

जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपायचं, चोळायचं नाही. टोकांना थोडंसं मूस (केस बसवायचा फेस) किंवा लीव्ह-इन (न धुता केसांत राहू द्यायचं कंडिशनर), तेही बाकीच्या केसांना लावून झाल्यावर हातावर जे उरतं तेवढंच. मुळाला आणि कपाळाला काही नको, नाहीतर बँग्स दुपारी चिकट होतात आणि कपाळावर पुळ्या येतात. ड्रायरला चपटं तोंड लावायचं, मंद हवा, मध्यम उष्णता. हवा मुळाकडून टोकाकडे. आणि आता खरी खुबी: बँग्स लगेच डावीकडे न्यायच्या नाहीत. बोटांनी किंवा चपट्या ब्रशने कपाळाला चिकटवून आधी पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे, पुन्हा उजवीकडे, असं मुळं सुकेपर्यंत करायचं. दोन्हीकडून ढकलल्यावर भोवऱ्याचा हट्ट मोडतो आणि केस कपाळावर शांत पडतात. शेवटी डावीकडे सोडायच्या. मुळं सुकली की ड्रायर बंद. टोकं मधुमालती सांगते तशी बोटाभोवती गुंडाळ आणि आपसूक सुकू दे. आजीचं वळण हवंय ना, मग टोकांना ब्रशने ओढायचं नाही.

ड्रायर नको असेल त्या दिवशी बँग्स डावीकडे विंचरून मुळाशी दोन चपट्या क्लिपा लाव आणि केस सुकल्यावर काढ. क्लिपेचा ठसा उमटू नये म्हणून खाली टिश्यूचा तुकडा.

सकाळी उठल्यावर आकार बिघडलेला असेल तर सगळी बट भिजवू नकोस. फक्त मुळांवर पाण्याचा फवारा, पुन्हा तेच उजवीकडे-डावीकडे, दोन मिनिटं. तेलकट झाल्या असतील तर बाकीचे केस मागे बांधून बेसिनवर तेवढ्याच धुवायच्या. बँग्स कपाळाला टेकलेल्या असतात, कपाळाचं तेल त्यांना लागतं, त्यामुळे त्या बाकीच्या केसांच्या आधीच तेलकट होणार. म्हणून सगळं डोकं रोज धुऊ नकोस.

स्ट्रेटनर एखाद्या दिवशी वापरलासच तर केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसावर तापलेली पट्टी दाबली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात. तो केस मग तिथेच तुटतो. बारीक केसांना १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पुरे.

चष्म्याबद्दल: कापून घेताना चष्मा काढून ठेवायला सांगतात. प्रत्येक वेळी बघायच्या आधी तो डोळ्यावर चढव. बँग्स फ्रेमच्या वरच्या कडेवर नेमक्या संपल्या तर दिवसभर काचेवर टोचत राहतील. एकतर फ्रेमच्या बरंच वर किंवा फ्रेम ओलांडून गालावर. तुझ्यासाठी गालावर.


दूरचा ढग

हेल्मेटचं मी सांगतो, माझेही केस वेव्ही आणि पुढे लांब आहेत. हेल्मेट घालायच्या आधी पुढचे केस नेहमीच्या दिशेच्या उलट, म्हणजे तुम्ही उजवीकडे, घेऊन सपाट करा आणि मग घाला. काढल्यावर डावीकडे आणल्या की मुळाशी आपोआप उठाव येतो. मात्र घाम आला असेल तर लगेच हात फिरवू नका. वर कातरवेळ यांनी लिहिलंय तेच, घाम म्हणजे पाणीच. मी आधी कपाळ पुसतो, केस बोटांनी दिशेला लावतो आणि सुकेपर्यंत दोन मिनिटं सोडून देतो. आत पातळ सुती टोपी घातली तर घामही कमी लागतो.

आणि भीती वाटत असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. गालाच्या हाडापर्यंतच्या बँग्स आवडल्या नाहीत तर तीन-चार महिन्यांत जबड्यापर्यंत येतात आणि बाकीच्या केसांत मिसळायला लागतात. भुवईवर कापलेल्यांना याच्या दुप्पट वेळ लागतो.


अबोली

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण आधी केसांना नव्या भांगाची सवय होऊ दिली. पहिला आठवडा ते सारखे जुन्या जागी जायचे. रोज न्हाल्यावर उजवीकडे भांग पाडून क्लिपा लावल्या. दहाव्या दिवशी सकाळी उठले तर भांग आपणहून उजवीकडे होता.

काल कापल्या. या वेळी दुसरीकडे गेले. केस आदल्या रात्री धुतलेले, कोरडे. मी बसल्या बसल्याच म्हटलं, "ओले करू नका, ताणू नका आणि पहिली कात्री नाकाखाली." कापणारी मुलगी माझ्यापेक्षा लहान असेल. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "ताई, भोवरा आहे तुम्हाला, मी पण हेच सांगणार होते." तेव्हा माझे खांदे सैल पडले.

तिने त्रिकोण पाडून बाकीचे केस क्लिपांनी मागे घेतले, बट भांगाकडे ओढली आणि कात्री उभी धरून टोकं टिपली. केसांचे तुकडे मांडीवरच्या कापडावर पडत होते आणि प्रत्येक तुकडा पडताच स्वल्पविरामासारखा वळत होता. ती चार वेळा थांबली. चारही वेळा मी चष्मा घातला. तिसऱ्या वेळी बँग्स ओठांच्या वर होत्या आणि मला वाटलं, बास, इथेच थांबावं. तिने अजून अर्धा सेंटीमीटर घेऊ का विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्या अर्ध्या सेंटीमीटरने टोक गालाच्या हाडापाशी बाहेर वळलं. अगदी फोटोतल्यासारखं.

आज सकाळी उजवीकडे-डावीकडे करून मुळं सुकवली. भोवऱ्यापाशी फट नाही. हेल्मेट काढल्यावर जिना चढेपर्यंत केस जागेवर आले होते. मी लिफ्ट न घेता जिन्याने गेले ते त्या दोन मिनिटांसाठीच.

नीलमोहर, तुझ्या "बिनधास्त कर"चाही यात वाटा आहे, मनापासून आभार.

एकच अडतंय. रात्री झोपताना त्यांना कुठे ठेवायचं? मी उजव्या कुशीवर झोपते, आणि आज उठले तेव्हा सगळ्या बँग्स मागे वळून टाळूकडे गेल्या होत्या.


कातरवेळ

वाचून फार आनंद झाला गं. त्या मुलीला धरून ठेव, थांबून बघणारी माणसं कमी असतात.

झोपताना बँग्स पूर्ण कोरड्या हव्यात. डावीकडे नेऊन टोक बोटाभोवती एकदा गुंडाळ, ते वेटोळं कानशिलावर सपाट ठेव आणि चपट्या क्लिपेने अडकव. तू उजव्या कुशीवर झोपतेस, त्यामुळे क्लिप वरच्या बाजूला राहील, टोचणार नाही. उशीचा अभ्रा सॅटिनचा असेल तर केस घासत नाहीत. सकाळी क्लिप काढल्यावर लगेच विंचरू नकोस, आधी बोटांनी सोडव. सहा-सात आठवड्यांनी टोकं टिपून घे, तेव्हाही कोरडीच.


अबोली

क्लिप लावून झोपते आज. उद्या कळवते.